टोयोटाला टोयोटाचाच फिल्टर, तरी गळती: एका जुन्या कोरोलाचं प्रकरण

गाडी टोयोटा कोरोला, २००६ ची, १.८ लिटर पेट्रोल, पासिंग एमएच-०९. मालक निवृत्त प्राध्यापक, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत. गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच. पंधरा वर्षं भरल्यावर त्यांनी तिचं पासिंग पुन्हा करून घेतलं, आणि आजही ते ती स्वतः चालवतात. फिरणं कमी, गावातल्या गावात जास्त. वर्षातून काही वेळा आंबा घाटातून रत्नागिरीकडे. किलोमीटर भरोत न भरोत, वर्षाला ऑइल आणि फिल्टर बदलायचा हा त्यांचा नेम. तो बरोबरच आहे, कारण थंड इंजिनावर होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत ऑइल लवकर खराब होतं.

तक्रार अशी होती: नेहमीच्या मेस्त्रींकडे ऑइल बदललं, आणि काही दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढे डाग दिसायला लागले. सर गाडी परत घेऊन गेले. मेस्त्रींनी खालून हात घालून बघितलं, फिल्टर ओला होता. "सर, बसलाय की व्यवस्थित. रबर जरा कडक असंल. आवळून देतो," असं म्हणून त्यांनी फिल्टर आणखी पाव फेरा आवळला आणि पुसून दिला. डाग कमी झाले, थांबले नाहीत. सरांना पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला जायचं होतं. मी उद्यमनगरात लेथवर टर्निंगचं काम करतो आणि कॉलेजात सरांच्या हाताखाली शिकलो आहे, म्हणून त्यांनी फोन केला. "अरे, एवढ्याशा गळतीसाठी घाट टाळावा का?" असा त्यांचा प्रश्न होता.

टाळावा, असं मी सांगितलं. नवीन फिल्टर नव्या रबरावर बसवल्यावर एक थेंबही बाहेर येता कामा नये. येत असेल तर त्याची कारणं मोजकीच असतात: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच नवा बसवला, बसायची जागा साफ केली नाही, रबर चिरलं, किंवा फिल्टरच त्या गाडीचा नाही. पहिलं कारण फार वेळा सापडतं, म्हणून आधी तेच बघायचं ठरवलं.

गाडी खड्ड्यावर घेऊन फिल्टर काढला. जुनं रबर चिकटलेलं नव्हतं. बसायची जागा स्वच्छ होती. फिल्टरवरच्या रबराला ऑइलचा हातही लावलेला दिसत होता, म्हणजे मेस्त्रींनी काम नीट केलं होतं. पण फिल्टर काढताना एक गोष्ट हाताला जाणवली. शेवटच्या दोन फेऱ्यांत तो स्टडवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या ज्या आट्यांच्या दांड्यावर फिल्टर फिरवून बसवतात त्याच्यावर, डुगडुगत होता. आणि फिल्टरच्या तोंडातले आटे (थ्रेड) उजेडात धरले तर त्यांच्या कडा चकचकीत झालेल्या, घासून निघालेल्या दिसल्या. नव्या फिल्टरचे आटे एकदाच बसवून असे दिसत नाहीत.

खोकं सरांनी डिकीत ठेवलं होतं. त्यावर टोयोटा असं लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत गाडीचं नाव ग्लान्झा.

इथं प्रकरण उलगडलं. ग्लान्झा २०१९ मध्ये बाजारात आली. तिच्यावर चिन्ह टोयोटाचं असलं तरी गाडी मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे आणि तिचं इंजिन सुझुकीचं के-मालिकेतलं १.२ लिटर. म्हणजे तिला लागणारा ऑइल फिल्टर सुझुकीच्या इंजिनाचा. सरांच्या कोरोलात टोयोटाचं स्वतःचं १झेडझेड-एफई इंजिन आहे. या दोन इंजिनांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जुन्या कोरोला आता रस्त्यावर कमी दिसतात, त्यांचा फिल्टर छोट्या दुकानांत पडून राहतो म्हणून कोणी ठेवत नाही. ग्लान्झाचा मात्र हमखास असतो. मेस्त्रींनी दुकानात "टोयोटाचा पेट्रोलचा द्या" म्हणून मागितला, दुकानदारानं फळीवरचा टोयोटाचा काढून दिला. डबा साधारण त्याच उंचीचा, रबराची रिंग जवळपास त्याच घेराची, आणि स्टडवर सरळ बसला. यापुढे शंका घ्यायला त्या दोघांकडे काही कारणच उरलं नाही.

आता तो बसला कसा, हे सविस्तर सांगायला हवं, कारण "बसतोय म्हणजे त्याचाच" हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि फिल्टरच्या बाबतीत तो धोक्याचा आहे.

सुझुकीच्या या फिल्टरला एम २० बाय १.५ चे आटे असतात. व्यास २० मिलिमीटर आणि दर आट्यात दीड मिलिमीटर अंतर. कोरोलाच्या इंजिनावरचा स्टड इंची मापाचा आहे, पाऊण इंच आणि इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचाला १६ म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५८७५ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही सारखेच दिसतात. पिच गेज (आट्यांतलं अंतर ओळखायच्या दातेरी पानांचं माप) लावला तरी फिल्टरच्या तोंडात पाच-सहाच आटे असल्यामुळे दीडचं पान आणि सोळाचं पान दोन्ही बसल्यासारखी वाटतात. बारकाईनं उजेडात धरल्यावरच फरक कळतो.

फिल्टरचं भोक मोठं, स्टड बारीक. म्हणून फिल्टर अडत नाही. दर आट्याला ०.०८७५ मिलिमीटरचा फरक पडत जातो, पाच आट्यांत तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो, आणि जोडीत तेवढी ढिलाई आधीच आहे. त्यामुळे हाताला काहीही खटकल्याशिवाय फिल्टर शेवटपर्यंत जातो, रबर टेकतं, आवळल्यावर घट्टही लागतो. हेच उलटं असतं, म्हणजे पाऊण इंची फिल्टर २० मिलिमीटरच्या स्टडवर लावायचा प्रयत्न झाला असता, तर तो तोंडालाच अडकला असता आणि मेस्त्रींनी तिथल्या तिथं परत केला असता. चुकीची जोडी अडली तर नुकसान टळतं. इथली जोडी अडत नाही, म्हणूनच ती वाईट.

पकड किती उरते ते बघा. एम २० च्या आतल्या आट्यांचा सर्वांत अरुंद व्यास १८.३८ मिलिमीटरच्या आसपास. स्टडचा बाहेरचा व्यास १९.०५. दोघांत फरक पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी, तो दोन बाजूंत वाटला की प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३४ मिलिमीटर धातू एकमेकांत अडकलेला. योग्य फिल्टर असता तर हीच पकड ०.८६ मिलिमीटर असती. म्हणजे निम्म्याहूनही कमी धातूवर सगळा भार, तोही आट्यांच्या टोकांवर, जिथं ते सर्वांत पातळ असतात.

आणि भार थोडाथोडका नाही. या इंजिनात तीन हजार आरपीएमला ऑइलचा दाब तीन ते साडेपाच बारच्या दरम्यान असावा लागतो. थंडीत ऑइल घट्ट असताना चालू करून लगेच रेस दिली की तो वरच्या टोकाला जातो. रबराच्या रिंगच्या आतलं वर्तुळ साडेपाच सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर क्षेत्रफळ २४ चौरस सेंटिमीटर होतं. पाच बारला फिल्टर स्टडवरून उपटून काढायला बघणारा जोर एकशे वीस किलोच्या घरात जातो. दर वेळी इंजिन चालू केलं की हा जोर येतो, बंद केलं की जातो. आटे थोडे थोडे झिजतात, रबर थोडं थोडं सुटतं, आधी पाझर, मग थेंब. आणखी आवळलं की पाझर थांबतो, कारण रबर दाबलं जातं, पण त्याच आवळण्यानं उरलेले आटे जास्त ताणले जातात. मेस्त्रींनी दिलेल्या त्या पाव फेऱ्यानं फिल्टर निखळण्याच्या आणखी जवळ गेला होता.

निखळला असता तर काय झालं असतं? या इंजिनात फिल्टर धरून ३.७ लिटर ऑइल बसतं. फिल्टर सुटला की पंप तेच ऑइल पूर्ण दाबानं रस्त्यावर फेकतो आणि एखाद-दोन मिनिटांत इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर रिकामं होतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा आधी सूचना देईल असं अनेकांना वाटतं. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. आंबा घाटात वळणावर चढ चढताना त्या क्षणी कोण दिव्याकडे बघणार, आणि बघितलं तरी गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत क्रँकच्या बेअरिंगा कोरड्या फिरलेल्या असणार. १झेडझेड हे इंजिन सांभाळलं तर फार चालतं. ते दीडशे-दोनशे रुपयांच्या डब्यापायी जाणं मला बघवलं नसतं.

मेस्त्रींना मी माझ्या वर्कशॉपवर बोलावून घेतलं. सरांना वाटत होतं मी त्यांच्यावर चिडेन. चिडायचं काही कारण नव्हतं. त्यांनी फिल्टर हातानं बसवला, पान्यानं नाही, रबराला ऑइल लावलं, जागा पुसली. शिकवलेलं सगळं केलं. ते थोडे नाराजच होऊन आले होते. "इतकी वर्षं बसवतोय मी फिल्टर. आटा लागला नसता तर कळलं असतं की मला," ते म्हणाले. मी त्यांच्या हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) दिला आणि फिल्टरचं भोक मोजायला सांगितलं. १८.५ आलं. मग विचारलं, कोरोलाचा आधीचा फिल्टर कुठं आहे? सुदैवानं त्यांच्या गॅरेजमागच्या भंगाराच्या पिंपात तो अजून होता. भंगारवाला यायचा होता. तो आणून मोजला तर १७.५. एक मिलिमीटरचा फरक. मेस्त्रींनी दोन्ही फिल्टर एकामागून एक स्टडवर लावून बघितले. योग्य फिल्टर पहिल्या फेऱ्यालाच सरळ धरतो, चुकीचा तीन फेरे झाले तरी मान हलवत राहतो. "हे आधी हाताला कळायला पाहिजे होतं," असं तेच म्हणाले. खरं तर गाडीखाली आडवं पडून, वर ऑइल ठिबकत असताना हा फरक कळणं अवघड आहे. टेबलावर कळतो.

म्हणून जुना फिल्टर नवा बसेपर्यंत टाकायचा नाही, आणि दुकानात जाताना तो हातात घेऊन जायचा. अट एवढीच की जुना तरी बरोबर होता याची खात्री हवी. सरांचा आधीचा फिल्टर सर्व्हिस सेंटरला बसवलेला होता, म्हणून त्याच्यावर विसंबता आलं.

योग्य फिल्टर शोधायची सुरुवात मी आरसी बुकापासून केली. त्यावर इंजिन नंबर असतो, आणि टोयोटाच्या इंजिन नंबराची सुरुवात इंजिनाच्या कोडनंच होते. कोरोलाच्या बाबतीत १झेडझेड. पार्ट काउंटरला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा चेसिस नंबर द्यावा, त्यावरून संगणकावर नेमका फिल्टर निघतो. नावावर का विसंबू नये, तर हीच कोरोला अमेरिकेत २००९ पासून १.८ लिटरच्याच दुसऱ्या इंजिनासह आली आणि तिथं डब्याऐवजी कागदी काडतूस, म्हणजे बाहेरच्या डब्याशिवायचा नुसता आतला फिल्टर, लागतं. नाव तेच, लिटर तेच, फिल्टर वेगळा. इंटरनेटवर शोधून नंबर काढणारे याच ठिकाणी फसतात. टोयोटाच्या डब्याच्या फिल्टरचा नंबर बहुतेक वेळा ९०९१५ नं सुरू होतो, पण शेपटीची अक्षरं देशाप्रमाणे बदलतात. सुझुकीचे १६५१० नं सुरू होतात. एवढं लक्षात असलं तरी खोक्यावर नजर टाकताच घर कुठलं ते ओळखता येतं.

आपल्याकडचं आणखी ओळखीचं उदाहरण जुन्या स्विफ्टचं. पेट्रोल स्विफ्टला फिरवून बसवायचा डबा. १.३ डिझेल स्विफ्टला झाकण उघडून आत घालायचं काडतूस, सोबत झाकणाची ओ-रिंग बदलायची. ते डिझेल इंजिन मूळचं फियाटचं मल्टिजेट, तेच टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट नावानं आणि फियाटच्या पुंटोतही होतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण आपल्या भागात त्या गाड्या अजून भरपूर आहेत. दुकानात "स्विफ्टचा द्या" म्हणणं म्हणूनच अपुरं. पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न मारुतीच्या बाबतीत दुकानदार विचारतो, कारण तिथं त्याला अनुभव आहे. टोयोटाच्या बाबतीत "कुणाचं इंजिन" हा प्रश्न अजून सवयीचा झालेला नाही, आणि इथून पुढे तो लागणार आहे.

सर्व्हिस सेंटरला फिल्टर मागवावा लागणार होता. सरांनी विचारलं, "तोवर बाजारातला दुसऱ्या कंपनीचा घ्यावा का?" घेता येतो. चांगल्या कंपनीचा असेल तर काही बिघडत नाही, मी स्वतः वापरतो. फक्त आटे जुळले म्हणजे झालं असं नाही.

फिल्टरच्या आत एक बायपास झडप असते. ऑइल फार घट्ट असलं किंवा कागद तुंबला, की ती उघडते आणि ऑइल न गाळता पुढे जातं. न गाळलेलं ऑइल बेअरिंगला मिळणं हे अजिबात न मिळण्यापेक्षा केव्हाही चांगलं. लहान जपानी पेट्रोल इंजिनांच्या फिल्टरमध्ये ती साधारण एक बारच्या आसपास उघडते. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असते, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये नसते. असा बिनझडपेचा फिल्टर चुकून दुसऱ्या इंजिनावर गेला आणि कागद तुंबला, तर कागद फाटेल किंवा इंजिन उपाशी राहील. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून कंपनीच्या कॅटलॉगात आपलं इंजिन नावानिशी आहे का ते बघणं हाच मार्ग.

दुसरी झडप रबराची, तोंडातल्या छोट्या भोकांच्या मागे दिसते ती. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये यासाठी. ती कडक झाली किंवा मुडपली की सकाळी गाडी चालू करताना पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते, कारण पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागतो. साध्या नायट्राइल रबरापेक्षा सिलिकॉनची झडप उष्णतेत जास्त टिकते. सरांसारखी गाडी कमी फिरवणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण त्यांचा फिल्टर किलोमीटरपेक्षा दिवसांनी म्हातारा होतो. रंगावरून मात्र ठरवू नये, केशरी रबर सिलिकॉनच असेल असं नाही.

कागदाबद्दल मी फार बोललो नाही. नामांकित कंपन्या आयएसओ ४५४८-१२ या चाचणीनुसार फिल्टर किती बारीक कण धरतो ते मोजतात. वर्षाला ऑइल बदलणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला साधा चांगला कागद पुरतो.

मेस्त्रींनी मोठ्या डब्याचा विषय काढला. जास्त उंचीचा फिल्टर लावला तर जास्त कचरा मावतो, हे खरं. आटे, रिंग आणि झडप जुळत असेल तर तो चालतोही. पण डबा किती खाली लोंबतो ते बघायला हवं. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या उंचीचे असतात याला काही धरबंध नाही, आणि जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. कोरोलाला मूळ उंचीचाच घ्या, असं मी सांगितलं.

शेवटी सर्व्हिस सेंटरचाच फिल्टर आला, सरांनी रत्नागिरी आठवडाभर पुढे ढकललं आणि तोवर गाडी हलवली नाही. बसवायच्या आधी मी स्टड तपासला. चुकीच्या फिल्टरनं त्याच्या आट्यांची टोकं जराशी चमकली होती, पण व्यास भरत होता. पोलादी स्टड कठीण, फिल्टरच्या पत्र्यातले आटे मऊ, म्हणून झीज फिल्टरनं सोसली. स्टड खराब झाला असता तर तो बदलावा लागला असता, कारण जखमी स्टडवर योग्य फिल्टरही भरवशाचा नाही. नवा फिल्टर आधी रबर टेकणार नाही इतपतच हातानं फिरवून बघितला, डुगडुग नाही. मग रबराला नवं ऑइल, रबर टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, पान्याला स्पर्श नाही. ऑइल नवंच होतं, ते काढायची गरज नव्हती. फिल्टर बदलताना गेलेलं दोनशे मिली भरून काढलं. इंजिन चालू करून लाल दिवा विझेपर्यंत रेस दिली नाही, पाच मिनिटं चालवून खाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. सर पन्हाळ्यापर्यंत एक फेरी मारून आले, तेव्हा पुन्हा धरला.

दुकानदाराकडे मेस्त्री आणि मी दोघं गेलो, चुकीचा फिल्टर आणि व्हर्नियर घेऊन. "टोयोटाचाच हाय की ओ मेस्त्री, खोक्यावर लिवलंय," असं तो आधी म्हणाला. दोन्ही फिल्टर मोजून दाखवल्यावर गप्प झाला, पैसे परत दिले, आणि ग्लान्झाची खोकी उचलून बलेनोच्या खणात ठेवली. त्याच्या हिशोबी हा छोटा बदल, पण त्या फळीवरून पुढच्या कोरोलावाल्याला जाणारा धोका तिथंच थांबला.

मेस्त्रींनी स्वतःचा व्हर्नियर घेतला. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. गॅरेजला टोयोटाची हायरायडर आली होती, आणि ते दुकानात जायच्या आधी विचारत होते की इंजिन सुझुकीचं का टोयोटाचं. प्रश्न अगदी योग्य होता. त्या गाडीत दोन्ही येतात, माइल्ड हायब्रिडला सुझुकीचं के१५सी आणि स्ट्राँग हायब्रिडला टोयोटाचं स्वतःचं दीड लिटर. आरसीवरचा इंजिन नंबर वाचून दाखवायला सांगितलं, के१५ नं सुरू होत होता. त्यांनी तो गाडी नंबरासकट वहीत लिहून घेतला आणि मग फिल्टर आणायला गेले.